अर्धा राहिलेला चिमटा

पूर्णिमा गाडी वेगात चालवायची नाही. ही एक गोष्ट अंबुबाईनं वर्षभरात अख्ख्या येळ्ळूरला ऐकवली होती. नळावर ऐकवली, पिठाच्या गिरणीत ऐकवली, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या परक्या बाईलासुद्धा ऐकवली. बाया आधी डोळ्याला पदर लावायच्या, मग नुसती मान हलवायला लागल्या. हल्ली तर अंबुबाई येताना दिसली की अर्धी भरलेली घागर उचलून चालायला लागायच्या. जाईनात का! अंबुबाई त्यांच्या पाठीला सांगायची, "माझी पोरगी वेगात नव्हती."

आणि ती वेगात होती असं म्हणणारा तरी कोण? कुणी परका नव्हे. तिचा सख्खा बाप, अंबुबाईचा नवरा भरमू.

अपघातानंतर पंचनाम्याला आलेल्या पोलिसानं विचारलं, "गाडी फास्ट होती काय?" भरमूनं मान खाली घालून सांगितलं, "व्हय साहेब, वेगात असंल." अंबुबाई तिथंच रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्याला टेकून बसली होती. ती रडत होती, पण बहिरी झाली नव्हती. पोटची पोर खाली दगडांवर निजलीय आणि बाप सगळं तिच्याच माथी मारतोय! त्या दिवसापासून ती नवऱ्याला जेवायला वाढायची ती ताट सरकवून. भाकरी द्यायची, पण कालवण आणखी पाहिजे का, असं एकदासुद्धा विचारलं नाही. भरमूही मागायचा नाही. पुढ्यात येईल ते खायचा आणि उठायचा.

पोरगी कशी होती ते सांगायला पाहिजे. भरमूचे गुडघे गेले आणि घरचा दुधाचा रतीब बंद पडायची वेळ आली, तेव्हा पूर्णिमा बेळगावात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. एका संध्याकाळी येऊन म्हणाली, "आप्पा, मला मोटरसायकल शिकवा. सकाळ-संध्याकाळ दूध मी घालते, मधल्या वेळात ऑफिस." गाव हसलं. हसणारच! पोरगी ओढणी कमरेला गुंडाळून, मागं दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून शहापूरच्या गल्ल्यांतून फिरायला लागली, तेव्हा पारावरच्या रिकामटेकड्यांना महिनाभराचा विषय मिळाला. मग तीच तोंडं म्हणायला लागली, "पूर्णिमा, आमच्या पोरीलाबी शिकीव गं." शहापुरात विद्युल्लताबाई म्हणून एक शिक्षिका होत्या, त्या नेहमी म्हणायच्या, "हिच्या दुधावर कधी लोण्याचा कण तरंगत नाही. दूध घुसळू न देता आणते हो पोरगी." आता सांगा, वेगात येणारीचं दूध असं येईल?

अडचण गाडीतच होती. जुनी, हलकी गाडी. कॅन लटकायचे मागच्या चाकाच्याही मागं. सगळा भार शेपटाला, त्यामुळं पुढचं चाक उगाच जमिनीला टेकल्यासारखं. खड्डा आला की हँडल हातात नुसतं हलकं व्हायचं. पूर्णिमा हसून सांगायची, "आप्पा, गाडी मला सलाम करती बघा." बापाला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

भरमूचं गॅरेज घराला लागूनच, रस्त्याच्या कडेला. मागचं चाक ज्या दोन लोखंडी दांड्यांत बसतं, त्याला गॅरेजात चिमटा म्हणतात. हा चिमटा लांब करायचा, म्हणजे चाक मागं सरकतं आणि कॅनचा भार चाकाच्या अलीकडं येतो. पुढचं चाक पुन्हा जमिनीवर नीट बसतं. बेळगावापासून निपाणीपर्यंतचे गवळी या कामाला भरमूकडं यायचे. लोकांच्या गाड्या केल्या आणि पोरीची राहिली, असं झालं होतं. शेवटी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं तिची गाडी उघडली. चिमटा कापला, तुकडा घातला, वेल्डिंग केलं, चेन वाढवली. मागच्या शॉकअपची स्प्रिंग ज्यांना अडकते ते कान सरकवायचं काम धरणार तेवढ्यात करंट गेला, तो अंधार पडला तरी आला नाही. "सकाळी पूजेच्या आधी उरकतो," असं म्हणून भरमू झोपला.

पण अंबुबाई त्याच्या आधी उठली. खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा दिवस. तिनं ग्राइंडर, पाने, हातोडे, वेल्डिंगची पकड, सगळं पुसून पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. भरमू डोळे चोळत येतो तो पूजा मांडून तयार.

"अगं, थोडं काम ऱ्हायलंय. तेवढा ग्राइंडर दे."

"कुंकू लागलंय त्याला. उद्यापत्तोर हत्याराला हात लावायचा न्हाय."

"शॉकअपचे कान सरकवायचे हायत अंबू. गाडी अर्धी हाय."

"उद्या सरकवा. वर्षाचा एक दिवस, तेवढाबी धीर न्हाय व्हय? हात लावाल तर माझ्या गळ्याची शप्पथ."

झालं! आपल्याकडं शप्पथ घातली की ती घालणाऱ्यानंच सोडवायची असते. तोंडानं 'सुटली' म्हणायचं, की मोकळं. न म्हणताच कुणी मोडली, तर मोडणाऱ्याचं काही जात नाही, ज्याच्या गळ्याची त्याच्या जिवावर बेततं. भरमू लोखंडाशी कितीही झटापट करो, असल्या बाबतीत भित्रा होता. त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला.

पूर्णिमा दारात उभी राहून हसत होती. "आई, सुटली म्हण की! आप्पांचं तोंड बघ कसं झालंय."

"न्हाय म्हणत जा."

"मग ऱ्हाऊ दे आप्पा, उद्या करा. आज अशीच नेते."

"नको गं. आज रतीब चुकला तर चुकू दे."

"सणाला लोकांनी खीर कशाची करायची? शिव्या घालतील मला. सावकाश जाते की."

भरमू काही बोलणार, तेवढ्यात अंबुबाईच म्हणाली, "जाऊ दे की तिला. रोजचाच रस्ता हाय."

पूर्णिमानं हँडलला झेंडूची माळ बांधली, आईच्या बोटाचं उरलेलं कुंकू गाडीच्या टाकीला लावलं आणि गेली. वडगावच्या अलीकडं जी मोरी आहे, तिथल्या वळणावर गाडी सरळ कठड्यावर गेली. पोरगी खालच्या दगडांवर पडली आणि भरलेले कॅन तिच्यावर. समोरून वाहन आलेलं नव्हतं, कुत्रं आडवं आलेलं नव्हतं, रस्ता कोरडा होता. शेजारच्या शेतात नागुबाई गवत कापत होती, तिनं सगळं बघितलं. अंबुबाईला धरून ती एवढंच म्हणाली होती, "हळूच आली गं. वळली, पण पुरती वळलीच न्हाय."

हे नागुबाईचं वाक्य अंबुबाईनं वर्षभर सांभाळलं. हळूच आली. बास! बाकीचं वाक्य तिनं कधी मनावर घेतलं नाही. पोरीवरचा तेवढा डाग पुसला जावा आणि पुसणारा भरमू असावा, याशिवाय तिला जगात काही नको होतं. कितीदा तरी तिनं त्याला गाठून विचारलं, "अवो, एकदा तरी म्हणा, ती वेगात नव्हती." भरमू छपराकडं बघायचा. "असंल वेगात. तरणं रगात," असं म्हणून गॅरेजात जाऊन बसायचा. तिथं तरी काय, पंक्चर काढायचा, ब्रेक आवळायचा. चिमट्याचं काम घेऊन कुणी आलं की म्हणायचा, "सोडलं त्ये मी."

वर्ष सरलं. तिथीच्या आदल्या दिवशीच वर्षश्राद्ध उरकलं, पूर्णिमाच्या आवडीच्या गव्हल्यांच्या खिरीची वाटी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खंडेनवमी उजाडली. अंबुबाईला पूजा मांडायची इच्छा नव्हती. पण वर्ष सरल्यावर घरात पहिला सण करावाच लागतो, नाहीतर अपशकुन म्हणतात. ती उठली, गॅरेजात गेली, एकेक हत्यार पुसून, कुंकू-झेंडू वाहून पाटावर मांडायला लागली. भरमू भिंतीला टेकून बसला होता.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बोरगावचा मार्तंड. त्याची सासुरवाडी येळ्ळुरात. नवरात्रात बायकोला, माधवीला, घेऊन आला होता आणि आता परत निघाला होता. तोही दूधवाला, गाडीच्या मागं कॅन अडकवायचे लोखंडी हूक होते.

"भरमूअण्णा, जरा बघता काय? निपाणीकडच्या एकानं चिमटा लांब करून दिलाय. सरळ रस्त्याला लोण्यासारखी पळती. वळणाला मात्र कशी तरीच करती."

भरमू जागचा हललाही नाही. बसल्या जागेवरून त्यानं गाडी बाजूनं न्याहाळली. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, गाडीजवळ गेला, मागं वाकून शॉकअपला हात लावला आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"गाडी हितनं हालायची न्हाय."

"आँ? मग दुरुस्त तरी करा की!"

भरमूनं चोरून पाटाकडं बघितलं. ग्राइंडरला कुंकू लागलं होतं. "आज न्हाय जमत. उद्या ये."

"उद्या? घरी म्हशी बांधलेल्या हायत अण्णा. शेजाऱ्यानं कितींदा धारा काढायच्या? द्या किल्ली. सावकाश जातो."

सावकाश! तो शब्द कानावर पडला आणि भरमूचा तोल गेला. वर्षभर तोंडाला कुलूप घातलेला माणूस असा ओरडला की माधवी दोन पावलं मागं सरकली.

"सावकाश जाऊन काय हुतंय रं? काय हुतंय सावकाश जाऊन? वेगाचा प्रश्न हाय व्हय ह्यो? हिकडं ये, बघ! चिमटा लांब केला, चाक मागं गेलं. बरं झालं. पण शॉकअप ज्याला अडकतोय ते कान हायत तिथंच ठेवले त्या शहाण्यानं. लांब दांड्याचा जोर त्या एवढ्याशा स्प्रिंगवर आला, मागची बाजू बसली. कुत्रं बसतंय तशी बसलीय बघ! मागची बसली की पुढची उचलती, पुढचे दांडे पसरत्यात, हँडल जड हुतंय. सरळ रस्त्याला वाटतंय, वा, काय गाडी झाली! आणि वळणाला तू हिकडं वळीव म्हणतोस, ती बाहेर बाहेर पळती."

"पण मला सवय हाय की अण्णा, रोजचा रस्ता..."

"रोजचा रस्ताच तर घात करतोय!" भरमूचा आवाज फाटला. "नव्या रस्त्याला माणूस सावध असतोय. रोजच्या वळणाला हात आपोआप वळत्यात, जुन्या गाडीला जेवढं लागायचं तेवढंच. ही गाडी तेवढ्यात येत न्हाय. तुला कळंपत्तोर कठडा आलेला असतोय. गाडी वळती, पण पुरती वळत न्हाय. पुढं तवंदीचा घाट हाय, मागं बायको बसणार हाय. अर्धी गाडी हाय रं ही! अर्ध्या गाडीला रस्त्यावर सोडायचं नसतंय!"

अंबुबाईच्या हातातलं फडकं गळून पडलं. वळती, पण पुरती वळत नाही. नागुबाईचं वाक्य! वर्षभर जे निम्मं सांभाळलं, त्याचं उरलेलं निम्मं आज नवऱ्याच्या तोंडून तिच्यासमोर आलं.

"अवो," ती हळूच म्हणाली. "शॉकअपचे कान. आपल्या गाडीचे सरकवले हुते?"

भरमूला आत्ता कळलं की आपण कुणादेखत काय बोलून बसलो.

"विचारतीया मी. सरकवले हुते?"

"ती वेगात हुती अंबू." भरमू घाईघाईनं म्हणाला. "तुला कितींदा सांगू? वेगात हुती ती."

"खोटं बोलू नका! माझ्या पोरीच्या नावानं आता एक शब्द खोटा बोलू नका. त्या दिवशी तुमी ग्राइंडर मागत हुता. मागत हुता न्हवं? गाडी अर्धी हाय म्हणत हुता."

"अंबू, गप ऱ्हा गं."

"मी शप्पथ घातली. पोरगी म्हणत हुती सुटली म्हण, मी म्हटलं न्हाय." ती बोलता बोलता खाली बसली. "रोजचाच रस्ता हाय, असं मीच म्हटलं की वो!"

मार्तंड आणि माधवी काय करावं ते न कळून उभे होते. भरमू अंबुबाईसमोर बसला. गुडघे दुखत होते तरी मांडी घालून बसला.

"काय सांगायचं हुतं तुला?" तो म्हणाला. "तुझी शप्पथ पाळली म्हणून पोरगी गेली, असं सांगू? मला बी कळत हुतं त्या दिवशी. पोरीची किल्ली खिशात घालायची अक्कल मला बी नव्हती की. एक गेली. हे तुला कळलं असतं तर तू विहीर जवळ केली असतीस. मग मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

"म्हणून पोरीला बोल लावला तुमी?"

"ती काय ऐकायला येणार हुती? तू हुतीस की ऐकायला. माझ्यावर रागावून का हुईना, जिती तर ऱ्हायलीस."

अंबुबाई रडली. गेल्या वर्षी मोरीवर रडली त्याच्यापेक्षा वाईट रडली, कारण तेव्हा रागवायला नवरा होता आणि आता कुणीच उरलं नव्हतं. वर्षभर ताट सरकवून दिलं त्याला, वर्षभर एक शब्द धड बोलली नाही, आणि तो मुकाट गिळत राहिला. तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

रडणं ओसरल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. पाटावरचा ग्राइंडर उचलला. त्याच्यावरचं झेंडूचं फूल काढून बाजूला ठेवलं, कुंकू पदरानं पुसून टाकलं आणि तो भरमूच्या हातात दिला.

"अगं, आज..."

"सुटली," अंबुबाई म्हणाली. मग नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाली, "शप्पथ सुटली माझी. करा काम."

भरमूनं चष्मा लावला, ग्राइंडरची वायर बोर्डात खुपसली आणि कामाला लागला. जुने कान कापले, चिमट्यावर मागं सरकवून नव्यानं वेल्ड केले, मागची बाजू उचलली, पुढचे दांडे क्लॅम्पमधून जरासे वर ओढून घेतले. अंबुबाई जवळच बसून राहिली. त्यानं पाना मागितला की पाटावरून उचलून द्यायची. हळूहळू सगळा पाट रिकामा झाला. माधवीनं चुलीवर चहा टाकला, पण तो कुणी प्यायलं नाही.

काम झाल्यावर भरमूनं स्वतः गाडी रस्त्यावर नेली, शाळेपर्यंत जाऊन वळवून आणली, आणि मगच किल्ली मार्तंडच्या हातावर ठेवली. मार्तंड अंबुबाईच्या पाया पडला. "आक्का, येतो," एवढंच बोलला. माधवी मागं बसली. गाडी निघाली, शाळेच्या कोपऱ्याला गेली आणि वळली. कडेला न जाता, न अडखळता, आतल्या अंगानं सहज वळून दिसेनाशी झाली.

अंबुबाई दारात उभी राहून बघत होती.

"आपली बी अशीच वळली असती न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय." भरमू आता खोटं बोलला नाही.

"मग वेगात नव्हती न्हवं ती?"

"न्हाय गं. सावकाशच हुती माझी बाय."

वर्षभर जे ऐकायला ती तडफडत होती, ते तिला मिळालं. ती आत गेली आणि त्याचं ताट वाढलं. कालवण वाढल्यावर वाटी हातात धरूनच विचारलं, "आणखी घालू?" भरमूनं ताट पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. नळावर बायांची गर्दी होती. अंबुबाई घागर घेऊन येताना दिसली तशी एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. पण सणाच्या दिवशी बिचारीला कशाला टाळायचं, म्हणून सगळ्या थांबल्या. आता ती पोरीचं सांगणार, म्हणून तोंडं आधीच दुःखी करून ठेवली. अंबुबाईनं घागर नळाखाली लावली. घागर भरली. तिनं ती डोक्यावर घेतली आणि कुणाला काही न सांगता घरी गेली.